मागचं पाऊल

वाळूच्या खडकाची ती भलीमोठी लादी कारखान्यात जमिनीवरच ठेवली होती. तिच्यावर डायनासोरच्या पावलांचे दोन ठसे होते, एकामागे एक. दोन्हींना साबणाचं पाणी फासायचं, प्रत्येकी एक मगभर प्लास्टर ओतायचं, सुकलं की पाऊल अलगद उचलायचं, एवढंच कारागिराचं काम. रंगवायला त्याच्या वहिनी होत्या. संग्रहालयाच्या दुकानात या पावलांना चांगला उठाव होता.

आज मागच्या ठशातून प्लास्टर उतू गेलं. पुढच्याला पुरलंच नाही.

"लक्ष कुठंय, भावोजी?" वहिनी हसल्या. "मागच्याचे लाड आणि पुढचा उपाशी?"

"मगही तोच, मापही तेच," तो कुरकुरला.

वहिनींनी फळीवरची जुनी पावलं काढून ओळीने मांडली. मागचं पाऊल दर खेपेला पातळ होत आलं होतं, पुढचं जाड. त्यांचं हसू मावळलं.

"दगड झिजतो, वहिनी."

"झिजेल की. पण मागचा ठसा भरून येतोय. दगड भरून येतो का कधी?"

मागचा पाय उचलण्याआधी आपणही सगळा भार पुढच्या पायावर टाकतो, एवढं त्याच्या मनात येऊन गेलं.

पुढच्या ठशापाशी लादी संपत होती. तिथून पाऊलभर अंतरावर त्याचं स्टूल होतं. त्याने ते मुकाट्याने बाजूला ओढलं.

तेवढ्यात मागच्या ठशातलं उरलंसुरलं प्लास्टर काठावरून सावकाश वाहू लागलं. तिथे आता खळगाच नव्हता.