आधी धर्म सांग

“वाच, वाच. पुढं काय लिहिलंय बाईनं?”

पलीकडच्या केबिनमधून आवाज आला आणि मंजुषाचा माउसवरचा हात थांबला. सायबर कॅफेतल्या दोन केबिनींच्या मध्ये प्लायवूडची एक फळी, बस. आवाज ललित सरांचा होता. तिच्याच शाळेत ते गणित शिकवायचे.

त्यांच्याबरोबरचा माणूस मोठ्यानं वाचायला लागला. पहिल्या वाक्यालाच मंजुषानं ओळखलं. ते तिनंच लिहिलेलं होतं. परवा, ऑर्कुटवर, नाशिककरांच्या कम्युनिटीत.

“‘माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला कावीळ झाली. घरच्यांनी दवाखान्यात नेलं नाही. भगतानं तिच्या डोक्यावर माळ ठेवली. माळ वाढत वाढत गळ्यात उतरली, म्हणजे कावीळ उतरली म्हणे. बाराव्या दिवशी बाई गेली. याला मी श्रद्धा म्हणत नाही. देवाच्या नावानं केलेला खून म्हणते.’”

“खून?” ललित सर म्हणाले. “कोण आहे ही?”

“नाव नाही, फोटो नाही. नुसतं ‘शिक्षिका’.”

“ज्ञानेश, ही आपल्यातली वाटत नाही मला. विचार तिला. आधी धर्म सांग म्हणावं.”

कीबोर्ड खडखडला. मंजुषानं पान पुन्हा उघडलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी तिच्यासमोर उमटलं. ‘आपल्यातली असशील तर ऐकून घेऊ. बाहेरची असशील तर आमच्या देवाधर्मात नाक खुपसू नकोस. आधी धर्म सांग.’ त्याच्या वर अशीच बावीस उत्तरं होती. एकानं लिहिलं होतं, ‘शाळा शोधून काढू.’

“कुठून लिहिते तेही काढता येतं,” ज्ञानेश म्हणत होता. “माझा एक मित्र आहे कॉम्प्युटरवाला.”

मंजुषाला वाटलं, बंद करून निघून जावं, तर दार त्यांच्या केबिनवरून पुढं. आणि खोटं बोलणं तर अगदीच सोपं. सोनवणे आडनाव दोन्हीकडे असतं. तीन वर्षांत शाळेत कुणी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. स्टाफरूममधल्या गणपतीच्या आरतीला ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायची.

तिनं टाइप केलं, ‘मी हिंदूच आहे.’

एवढ्यानं भागणार होतं. हेच लोक तिचं ऐकून घेणार होते. कदाचित शाबासकीही देणार होते.

ती त्या तीन शब्दांकडे बघत राहिली. मग तिनं ते एकेक अक्षर करून खोडले आणि दुसरंच लिहायला लागली. शेवटचं बटण दाबताना तिनं डोळे मिटून घेतले.

पलीकडे ज्ञानेश ओरडला, “आलं, आलं! ऐक. ‘मी बौद्ध आहे. हे आधीच सांगायला हवं होतं.’ बघ! म्हटलं नव्हतं? त्यांच्यातलीच निघाली.”

“पुढं वाच.”

“‘आणि मी अर्धीच गोष्ट सांगितली. आमच्या घरात बुद्धाचा फोटो आहे, बाबासाहेबांचा आहे. तरी माझ्या भावाला, सनीला कावीळ झाली तेव्हा आई त्याला वणीकडच्या एका भगताकडे घेऊन गेली. त्यानं चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले. पाणी पिवळं झालं तसं आईनं हात जोडले. मी बीएड झालेली, शेजारीच उभी होते. एक शब्द बोलले नाही. सनी वाचला नाही. तुमच्या घरातल्याला खून म्हणायचं, तर आमच्या घरातलाही खूनच. त्यात मी होते. मंजुषा सोनवणे.’”

वाचता वाचता ज्ञानेशचा आवाज उतरला होता. “नाव पण टाकलंय की. ओळखतोस का रे?”

ललित सर म्हणाले, “आमच्याच शाळेत आहेत.”

“काय सांगतोस!”

“रोज माझ्या डब्यातलं खातात.”

खुर्ची सरकली. मंजुषानं पर्स घेतली आणि पडदा सारला. तेवढ्यात ललित सरही बाहेर आले. बोळ हातभर रुंदीचा. दोघं समोरासमोर.

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे उघड्या राहिलेल्या स्क्रीनकडे. त्यांचा चेहरा पडला.

“मॅडम, तुम्ही इथंच होतात?”

तिनं मान हलवली.

“दिवाळीनंतर तुम्ही आठ दिवस रजेवर होतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “चुलतबहिणीचं लग्न म्हणालात. आम्ही पेढे मागितले होते तुमच्याकडे.”

“हो.”

“तेव्हाच भाऊ गेला का?”

“तेव्हाच.”

“ए ललित,” ज्ञानेश आतून ओरडला, “काय उत्तर टाकू? सगळे वाट बघताहेत.”

पाठ फळीला टेकवून ललित सर बाजूला झाले, जेवढं होता येईल तेवढं. बाईमाणसाला वाट देताना पुरुष आक्रसतात, तेवढेच ते आक्रसले होते की त्याहून जास्त, हे मंजुषाला कळेना. तिनं ओढणी अंगाशी घट्ट ओढून घेतली, श्वास रोखला आणि ती त्यांच्यासमोरून पुढं गेली.