तलावाकाठच्या खोलीतला पोपट

"आजी, रिसॉर्टमध्ये प्राणी चालत नाहीत. पोपट आजच घरी पाठवा," मॅनेजर सुलभा म्हणाली.

"अहो बाई, पाखरू ते! कुणाला चावणार आहे?"

सुलभाने पिंजरा उचलला. तोच पोपट बोलला, "आई, केस ओले आहेत गं. पुसून दे ना."

हा आवाज सुलभाच्या लेकीचा, पमीचा होता. खिडकीखालच्या पोहण्याच्या तलावात पमी बुडाली, त्याला दोन वर्षं झाली होती.

"हे कुणी शिकवलं याला?"

"कोण जाणे. इथे आल्यापासून हेच चाललंय. आणि एकदा ऐकून नाही हो शिकत तो. दिवसभर सारखं कानावर पडावं लागतं."

सुलभाने पिंजरा खाली ठेवला. पलंगावरचा टॉवेल उचलून ती रिकाम्या कोपऱ्याकडे वळली.

"ये पमे, पुसते."