उसातली वाट

कुंडल गावची पल्लवी मोबाईल गेम बनवायची. तिचा थोरला भाऊ दिग्विजय फौजेत होता आणि त्याच्या घरच्या दोन दिवाळ्या हुकल्या होत्या. म्हणून तिनं त्याच्यासाठीच एक छोटा गेम करून पाठवला. बांधावरून निघायचं आणि आपल्या उसातून चालत घर गाठायचं.

पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला. "ऊस लय झ्याक डोलतोय गं. पण मी आत शिरलो तरी बाजूला सरकत न्हाई. त्याच्या आरपारच जातोय मी."

"शेडरनं केलंय, दादा, म्हंजे नुसती चित्राची करामत. ऊस डोलताना नुसता दिसतो, खरा जागचा हलत न्हाई. खरा वाकवायचा तर स्क्रिप्ट लिवाय लागंल, पण मग तुजा फोन पार अडखळंल."

"अडखळू दे. पानं अंगाला घासल्याबिगर घरी चाललोय असं वाटत न्हाई."

तिनं स्क्रिप्ट लिहून गेम परत पाठवला. मग बरेच दिवस त्याचं काहीच कळेना, तेव्हा काळजीनं तिनंच फोन लावला.

"लय हळू चालतंय का रं?"

"व्हय. घर समोर दिसतंय, पण पोचाय लय येळ लागतोय."

"मग परत शेडर टाकू?"



"नगं," तो म्हणाला, "पोचलं की गेम संपतोय."