आईची परीक्षा

आई बाहेर पडली आणि पाच मिनिटांनी मुलीला दिसलं, की आईचा फोन टेबलावरच राहिलाय.

मुलीनं कपाळाला हात लावला. आईला या परक्या देशात येऊन दोनच महिने झाले होते. इथल्या भाषेतलं अक्षरही तिला कळत नव्हतं, आणि आज ती पहिल्यांदाच एकटी निघाली होती. चार नंबरची ट्राम, मग बारा नंबरची बस, मग वाचनालय. तिथून एक पुस्तक घ्यायचं आणि घरी यायचं. जावयानं दोन रविवार सोबत नेऊन वाट दाखवली होती. मुलगी तेव्हा कामात होती.

परीक्षा घातली होती दादानं. "एकटीला जाता-येता आलं तर खुशाल राहू दे तिला," तो फोनवर म्हणाला होता. "नाहीतर मी रविवारी येतो आणि घेऊन जातो. चार भिंतींत कोंडून घेतलं की माणूस खंगतं गं."

आईनं जावं ही कल्पनाच मुलीला सहन होत नव्हती. नवरा सकाळी सातला हॉस्पिटलात जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. ती दिवसभर संगणकापुढे बसून भाषांतरं करायची. आई येण्याआधी घरात आवाज काय तो फ्रिजचा. आता आई येताजाता बडबडायची, टोमणे मारायची, आणि त्यानं घराला घरपण आलं होतं.

तिनं फोन उचलला. बूट कपाटाच्या तळाशी सापडले, कडक झालेले. लिफ्टच्या बटणाकडे नेलेलं बोट तिनं दोनदा मागे घेतलं. आईची काळजी, दुसरं काय.

खाली आली तर दारासमोरचं झाड खिडकीतून दिसायचं त्यापेक्षा कितीतरी उंच निघालं. सगळीकडे धुकं होतं आणि धुक्यात, स्टॉपवर, आईची जांभळी शाल. मुलीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मदत केली की परीक्षा बाद. दादाशी खोटं बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

ट्राम आली. आई पुढच्या डब्यात चढली, मुलगी मागच्या. कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. मुदत केव्हाच संपलेली. तिनं यंत्रातून दिवसभराचं तिकीट काढलं. दारं मिटली तेव्हा तिनं दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. गर्दीत आई दिसत नव्हती ना, म्हणून.

मग दिसली. शेजारी विणत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना आई चक्क मराठीत शिकवत होती. "असं नाही हो. दोन टाके एकदम घ्या, मग एक सोडा." बाई मान डोलवत होत्या आणि टाका सोडतही होत्या. तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या आईचं भाषेवाचून काय अडणार?

पण तीन स्टॉप गेले तरी बारा नंबरच्या बसचा स्टॉप येईना. मुलीनं वरचा फलक वाचला आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला. ट्राम उलट्या दिशेची होती. घाईत तिच्याही लक्षात आलं नव्हतं. झाली की परीक्षा, ती मनात म्हणाली.

ट्राम शेवटी धक्क्यावर थांबली. आई उतरली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सरळ पलीकडे जाणाऱ्या बोटीत जाऊन बसली. बस सोडून ही बाई बोटीत! त्याच तिकिटावर मुलगीही चढली आणि मागच्या कठड्याशी उभी राहिली.

बोट सुटली. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. किनाऱ्यावरची घरं हळूहळू पुसट झाली, मग उरलीच नाहीत. कोणी बोलत नव्हतं. एक बाप मांडीवरच्या बाळाला थोपटत होता. मग धुकं विरळ झालं आणि मुलीच्या तोंडावर ऊन आलं. तिनं डोळे मिटले. किती वेळ कोण जाणे, आपण कुणाच्या पाठीमागे आलोय हेच ती विसरली. बरं वाटत होतं, इतकं की रडू येईल असं.

पलीकडे उतरून आई मिळेल त्या बसमध्ये चढली आणि चौथ्या स्टॉपवर उतरली, ती नेमकी वाचनालयाच्या मागच्या दारात. याला म्हणतात बोलाफुलाला गाठ. मुलीचा जीव भांड्यात पडला. आता फक्त आईच्या आधी घर गाठायचं होतं. ती पुलावरून जाणाऱ्या बसनं निघाली, मग ट्रामनं, आणि सगळा वेळ खिडकीला नाक लावून बसली. या खेपेला दांडा धरायचं तिला आठवलंही नाही.

तासाभरानं आई पुस्तक घेऊन दारात हजर.

"सापडलं?"

"न सापडायला काय झालं? नाकासमोर गेले, नाकासमोर आले. तू काय केलंस दिवसभर?"

"काम. दुसरं काय असतं मला?"

आई जरा पडते म्हणून आत गेली. मुलीनं दार लोटून दादाला फोन लावला.

"पास झाली रे आई. एकदाही चुकली नाही."

"तुला कसं माहीत?"

तिच्यानं राहवेना. "फोन विसरली होती ती, म्हणून मागोमाग गेले. आधी ट्राम, मग बोट, मग बस. पण मदत केली नाही, तुझी शपथ. चुकली थोडी, पण पोचली ना? नको नेऊस तिला, दादा."

पलीकडे दादानं नाक ओढल्यासारखं वाटलं.

"परीक्षा आईची नव्हतीच, वेडे," तो म्हणाला. "अकरा महिन्यांनी घराबाहेर पडलीस तू."