भाजलेल्या मातीतला पंजा

अकोल्याच्या संग्रहालयात उज्माने बायकांसाठी मातीकामाची कार्यशाळा घेतली. बावीस जणींनी ओल्या मातीच्या पाट्यांवर आपापला पंजा उमटवला. उज्माने पाट्या भट्टीत भाजल्या आणि प्रदर्शनासाठी भिंतीवर लावल्या.

उद्घाटनाला पाट्या तेवीस भरल्या. शेवटच्या पाटीत तान्ह्या बाळाचा पंजा होता.

"उज्माताई, लेकरू कोनी आनलं होतं?" त्या बावीस जणींतल्या, पातूरहून येणाऱ्या भाजीवाल्या मनकर्णाबाईंनी विचारलं.

"कोनीच नाही, मावशी."

दुसऱ्या दिवशी तो पंजा शाळकरी पोरीच्या हाताएवढा दिसला. कोणीतरी पाटी बदलली असणार, म्हणून उज्माने पाटीमागे खडूने सही केली. तिसऱ्या दिवशी सही तशीच होती. पंजा मात्र मोठ्या बाईचा झाला होता.

न राहवून तिने त्यात आपला हात ठेवला. पाचही बोटं चपखल बसली. अंगठ्याखाली लहानपणी विळी लागली होती, तो व्रणसुद्धा मातीत जिथल्या तिथे होता.

"थे पयले भिताडावरून काढा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले काई बरं नाई वाटून राह्यलं."

उज्माने पाटी ऑफिसच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

चौथ्या दिवशी सकाळीच तिने कपाट उघडलं. पाटीतली बोटं वाकडी झाली होती, सांधे सुजले होते आणि तळव्यावर सुरकुत्यांचं जाळं पसरलं होतं.

बाहेर मनकर्णाबाई कोणाला तरी सांगत होत्या, "या ना सावकाश. अजून तीन दिवस हाय प्रदर्शन."