आर अक्षरापर्यंत

आमच्या गावात इंग्रजी येणारी मी एकटीच. परीक्षेसाठी अवघड इंग्रजी शब्दांचं जाडजूड पुस्तक पाठ करत होते. रोज दहा शब्द, ए अक्षरापासून, ओळीनं.

डिसेंबरात खाण कंपनीच्या साहेबांनी ग्रामसभेपुढं इंग्रजी कागद ठेवला, तेव्हा मी एच अक्षरावर होते. गावानं तो कागद माझ्या हातात दिला. बाकी सगळं समजलं, एकाच शब्दावर अडले. 'आम्ही गावकरी जंगलावरचा आमचा हक्क' आणि पुढं तो शब्द. मोबाइलला रेंज नव्हती.

"काय लिवलं हाये वं, रिना?" केसरबाईनं विचारलं.

सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. येत नाही म्हणायची लाज वाटली.

"आपण जंगलाचा हक्क जपून ठेवू, असं लिवलं हाये."

पहिला अंगठा केसरबाईनं लावला. मग रांगच लागली. घरी येऊन पुस्तकात पुढं पाहायचं धाडस मला झालं नाही. म्हटलं, येईलच ओळीनं.

आज सकाळी आर अक्षरात तो आला. रिलिंक्विश. समोर अर्थ छापला होता : कायमचा सोडून देणे.

मी तो पुन्हा वाचत होते, तोच केसरबाई मोहफुलांची टोपली घेऊन दारात आली.

"पयला मोह देवाले वाह्यला, दुसरा तुले. तू कागद वाचला म्हून जंगल रायलं, पोरी."

मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघून तिनं कौतुकानं विचारलं, "आज कोणता शब्द शिकली वं?"