वगळलेलं घर

"त्या घरी नको," मागून कुणीतरी कुजबुजलं, पण मी ढोलकी गळ्यात अडकवून याकोबकाकांच्या फाटकात शिरलेही होते.

चर्चमध्ये भांडण होऊन काका यायचे बंद झाले, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून नाताळची गाणी गात घरोघर फिरणारा आमचा तरुण संघ एवढं एकच घर वगळायचा. यंदा पुढारी मी होते. घरं निवडून कसला आलाय नाताळ?

मी ढोलकीवर थाप मारली. सगळे गाऊ लागले.

दुसऱ्या कडव्याला दार धाडकन उघडलं. काकांनी माझ्या गळ्यातली ढोलकी काढून घेतली आणि ते ओट्यावर बसले.

"दरवर्षी शेजारच्या घरी गाता ते दाराआडून ऐकतोय," ते म्हणाले. "सात वर्षं याच कडव्याला ताल चुकतोय तुमचा. हं, पहिल्यापासून."